चौथ्या मजल्याचा नकाशा

या, बसा. चपला दाराबाहेर काढल्या ना? बरं केलंत, नाहीतर शामला हाकलून देते. आता दचकू नका. बोलतेय ती मीच, तुमच्या हातातली आलेख वही. माझ्या पानांना एका बाजूला हिरव्या चौकटी आहेत आणि मागची बाजू कोरी. तुम्ही मला कशाला उघडलंत ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या भुयाराच्या खेळात जिवंत कसं राहायचं हे तुम्हाला हवंय. या कॉम्प्युटर क्लासमध्ये येणारा प्रत्येक नवखा त्याचसाठी मला उघडतो, पहिली पानं सोडून थेट मधल्या नकाशांत बोट घालतो आणि पाच मिनिटांत मरतो. तुम्ही तसं करू नका. माझी हकिगत ऐका, टिपा तिच्यातच आहेत.

माझा जन्म छापखान्यातला. त्यातलं कापायच्या यंत्राची धास्ती सोडली तर काही आठवत नाही. तिथून मी बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात आले. आम्हा आलेख वह्यांच्या नशिबात काय असतं? दहावीतलं एखादं पोर दोन अक्ष काढणार, एक वाकडी रेघ मारणार आणि मार्च संपला की आम्ही रद्दीत. मीही तेवढीच आशा धरून बसले होते.

१९८७च्या मे महिन्यात दुकानात वामनराव आले. उंच, वाळलेले, खिशात तीन पेन्सिली. त्यांनी मला उजेडाकडे धरलं, मग खिशातून स्वतःची पट्टी काढून माझ्या चौकटी मोजल्या. भर दुकानात!

"दहा घरांत अर्धा मिलिमीटर कमी आहे," ते दुकानदाराला म्हणाले.

"मंग नका घेऊ," दुकानदार म्हणाला.

तरी त्यांनी मला घेतलं. मला राग आला होता, पण खरं सांगते, माझ्याकडे इतकं लक्ष देऊन त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

वामनराव सरकारी भूमापक. एकतीस वर्षं लोकांची शेतं मोजली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मोजायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःचं घर मोजलं, मग अंगण, मग शेजारच्या लहानूजींची भिंत. ती चार इंच आपल्या हद्दीत आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. त्यात मे महिना. घरातल्या कूलरपुढे दोघांना जागा पुरेना. त्यांच्या पत्नी कुसुमताई शेवटी म्हणाल्या, "अवो, शामलाच्या क्लासात जाऊन बसा ना. तिथं एसी आहे."

शामला त्यांची मुलगी. रामदासपेठेत तिने दोन कॉम्प्युटर ठेवून हा क्लास काढला. माणसांसाठी एसी लावायची तिची ऐपत नव्हती, तो कॉम्प्युटरसाठी होता. पण थंडावा काही माणूस बघून अंगाला लागत नाही. दुपारी एक ते चार क्लास बंद असे. तेवढ्या वेळात वामनराव चपला बाहेर काढून, पाय पुसून आत येत आणि देवळात बसावं तसे कोपऱ्यात बसत.

एका विद्यार्थ्याने शामलाला एक फ्लॉपी दिली होती. तिच्यात एक इंग्रजी खेळ होता. सोबत माहितीपुस्तक नाही, काही नाही. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा. सहा गड्यांची टोळी करायची, किल्ल्याखालच्या भुयारात उतरायचं, दहा मजले खाली जाऊन राक्षसाला मारायचं. मेलेला गडी मेलाच, खेळ पुन्हा सुरू केला म्हणून तो उठून बसत नाही. शामलाने चार वेळा टोळी उतरवली आणि चारही वेळा ती पहिल्या मजल्यावरच संपली.

वामनराव मागून पाहत होते. "तू कुठे आहे ते तरी माहीत आहे का तुले?"

"भुयारात आहे, बाबा."

"भुयारात कुठे? उत्तर कोणती? जिन्यापासून किती पावलं? मोजणी नाही, काही नाही, अन् लढून राहिली!"

दुसऱ्या दिवशी मी आले.

ही पहिली टीप, लिहून घ्या. हा खेळ तलवारीचा नाही, पेन्सिलीचा आहे. पडद्यावर फक्त समोरची भिंत दिसते. प्रत्येक मजला आडवा वीस घरं, उभा वीस घरं. एक पाऊल म्हणजे माझ्यावरची एक चौकट. वामनरावांनी माझ्या पानावर उत्तरेचा बाण काढला, जिन्यापाशी हद्दीच्या दगडाची खूण केली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की शामलाने आईला फोन करून ते सांगितलं.

टोळीला नावं द्यायची होती. वामनरावांनी घरच्यांचीच दिली. नवखा माणूस हमखास ही चूक करतो. पुढच्या रांगेत चिलखतवाले तगडे लोक लागतात, तिथे त्यांनी स्वतःला घातलं, आपल्या थोरल्या भावाला, दादाजींना घातलं. मागच्या रांगेत नाजूक मंडळी. शामला जादूगार. जखमा बऱ्या करणारी कुसुम. पेट्यांची कुलपं उघडायला एक चोर लागतो, त्याला शेजारच्या लहानूजींचं नाव मिळालं. पुढच्या रांगेतली एक जागा उरली. वामनराव थोडे थांबले आणि त्यांनी टाइप केलं, नत्थू.

"नत्थूकाका?" शामलाने वळून पाहिलं. "तुम्ही तर बोलतही नाही त्यांच्याशी."

"पुढे भरवशाचा माणूस लागतो," वामनराव म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

नत्थूजी हे त्यांचे चेनमन. मोजणीची साखळी ओढणारे. पंचवीस वर्षं नत्थूजींनी शेतातून साखळी ओढायची, आकडा ओरडायचा आणि वामनरावांनी तो वहीत लिहायचा. निवृत्तीच्या आधी वर्षभर दोघांत काहीतरी बिनसलं. कुसुमताईंना एवढंच माहीत होतं की बुटीबोरीकडच्या एका मोजणीत नत्थूजींच्या हातून चूक झाली आणि ते रुसून बसले.

पहिले दोन मजले छान गेले. वामनरावांचे नियम मी अजून पाठ म्हणून दाखवते. सुरुवातीला जिन्यापासून दहा पावलांच्या पुढे जायचं नाही. अंगातली ताकद निम्मी झाली की वर येऊन धर्मशाळेत झोपायचं. पळून जायला लाजायचं नाही, शेतमालक कुत्रं सोडतो तेव्हा सरकारी भूमापकसुद्धा पळतो. परतीसाठी एक मंत्र शिल्लक ठेवायचा. पेटी दिसली की झडप घालायची नाही, आधी चोराला पुढे करायचं. पेटी फुटून एकदा लहानूजी गंभीर जखमी झाले तेव्हा वामनरावांना थोडा आनंद झाला, हेही मी इथे नमूद करते.

पण तिसऱ्या मजल्यावर एका हाताने कळ दाबायची आणि दुसऱ्याने रेघ मारायची हे जमेना. शामलाला दुपारी हिशेबाचे कागद, फॉर्म, शंभर कामं. कुसुमताई रोज तीन वाजता पन्हं घेऊन येत, खरं तर एसीत बसायला येत. त्यांनी दोन दिवस ही तारांबळ पाहिली आणि कुणाला न विचारता हुडकेश्वरला एक पोस्टकार्ड टाकलं.

चौथ्या दिवशी दारात नत्थूजी उभे. ठेंगणे, काळेसावळे, धुतलेला पांढरा सदरा. वहाणा हातात.

"जयभीम साहेब. बाईंनी बोलावलं म्हून आलो."

वामनराव उठून उभे राहिले, मग बसले. "ये ना गा. बस."

एवढंच. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांनी भेटताहेत, काहीतरी बोलतील. पण माणसांना जे बोलायचं असतं ते सोडून ती भलतंच बोलत बसतात. दोघं भुयाराबद्दल बोलले.

नत्थूजींनी खिशातून मूठभर चिंचोके काढले आणि उजव्या हाताशी ढीग केला. एक कळ दाबली की एक चिंचोका डावीकडे. शेतातही ते असंच मोजायचे. डावीकडचे चिंचोके म्हणजे झालेली पावलं, त्यात वाद नाही. ही दुसरी मोठी टीप. हा खेळ दोघांनी खेळावा, एकाने चालावं आणि एकाने लिहावं. दोन आठवड्यांत टोळी चौथ्या मजल्यावर पोचली. माझी पानं इतकी देखणी भरली होती की मला गर्व चढला. चार वाजून विद्यार्थी आले तरी दोघं म्हातारे खुर्च्या सोडायचे नाहीत.

चौथ्या मजल्यावर अंधाराचा पट्टा आहे. तिथे पडदा पूर्ण काळा होतो, भिंतही दिसत नाही. फक्त पावलं मोजायची. नत्थूजी कळ दाबत होते, चिंचोके सरकवत होते आणि आकडे म्हणत होते. वामनराव माझ्यावर एकेक घर पुढे जात होते. दहा, अकरा, बारा. तेवढ्यात कुसुमताईंनी पन्ह्याचा पेला पुढे केला. वामनरावांनी तो पेन्सिलीच्या हातानेच घेतला. नत्थूजी "तेरा" म्हणाले, "चौदा" म्हणाले. वामनरावांनी घोट घेऊन पेला ठेवला आणि एकच घर काढलं. तेरावं.

मी पाहत होते. ओरडले असते, पण मला तेव्हा बोलता कुठे येत होतं!

परत येताना टोळी दमलेली होती. मंत्र संपले होते, दादाजी विषाने हिरवे पडले होते.

"तेरा पावलं, मग डावीकडे," वामनराव माझ्याकडे बघून म्हणाले.

"चौदा, साहेब."

"नकाशा तेरा सांगून राहिला. चल."

नत्थूजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पंचवीस वर्षं जसं ऐकलं तसंच ऐकलं. तेरा पावलं, डावीकडे. दार उघडलं. ते जिन्याचं दार नव्हतं.

आत सात जण होते आणि सगळ्यांना दात होते. पुढची रांग तीन फेऱ्यांत आडवी झाली. शामला गेली, लहानूजी गेले. कुसुम एकटी उरली, तिने शेवटचा दगड फेकला आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली की कुसुम मरण पावली.

कुसुमताईंना तेवढं इंग्रजी येत होतं.

"मले मारलं तुम्ही?"

"मी नाही मारलं वं, तो..."

"चार मजले खाली नेऊन मारलं! अन् आता मी तिथंच पडली राहीन?"

इथेच सगळं हसण्यावारी जायला हवं होतं. पण वामनरावांचा नकाशा चुकला होता, आणि नकाशा चुकलेला भूमापक फार वाईट असतो. ते नत्थूजींवर उसळले. "पावलं कमी म्हटली तू! जाताना तेरा म्हटलं अन् आता चौदा म्हणतं. बुटीबोरीसारखंच केलं शेवटी!"

नत्थूजी उठले. डावीकडचे चिंचोके त्यांनी हात न लावता तसेच ठेवले. "येतो, बाई," ते कुसुमताईंना म्हणाले. दाराबाहेर जाऊन त्यांनी वहाणा पायात घातल्या, त्याही घाई न करता.

कुसुमताई टेबलाशी आल्या आणि अंधारातल्या फेरीचे, वेगळे काढून ठेवलेले ते चिंचोके त्यांनी मोजले. चौदा. मग माझ्यावरची घरं बोटाने मोजली. तेरा.

वामनरावांचा हात खोडरबराकडे गेला. पोचला आणि तिथेच थांबला. मोजणीच्या वहीत खोडरबर चालत नाही. चूक झाली तर ती रेघ मारून कापायची आणि बाजूला सही करायची, असा त्यांच्या खात्याचा नियम होता आणि तो त्यांनी एकतीस वर्षं तरुण पोरांना शिकवला होता.

"खोडू नका," कुसुमताई हळूच म्हणाल्या. "काय झालं होतं बुटीबोरीले?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे बघत सांगितलं, बायकोकडे नाही. बांध बावीस साखळ्या भरला होता. नत्थूजींनी बावीस म्हटलं. यांनी एकवीस लिहिलं. शेतमालकाने तक्रार केली, वरचे साहेब आले, आणि यांनी शेरा मारला की चेनमनच्या मोजणीत चूक. रागाच्या भरात नाही, भीतीने. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, कागदावर डाग नको होता. नत्थूजी मुकादम व्हायचे होते. त्या शेऱ्यामुळे ती जागा दुसऱ्याला गेली आणि ते चेनमन म्हणूनच घरी बसले.

"अन् मी तीन वर्षं त्या माणसाले रुसका म्हणून राहिली," कुसुमताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला इतकी लाज ऐकू आली की मला पान मिटून घ्यावंसं वाटलं. "उद्या जा. अन् मले तिथून काढायचं असंल तर त्यांले घेऊनच या. तुमच्या नकाशावर मी पुन्हा पाऊल टाकत नाही."

सकाळी सातला वामनराव सायकलवर निघाले, मी पिशवीत. हुडकेश्वरच्या अलीकडे डांबर संपतं, तिथून त्यांनी सायकल ढकलली. नत्थूजी अंगणात खाट विणत होते. त्यांच्या पत्नी रंभाबाई दारात आल्या, वामनरावांना पाहून त्यांचा चेहरा आवळला, तरी पाण्याचा तांब्या त्यांनी आणून दिला.

आधी सांगायचं आणि मगच प्यायचं असं ठरवून वामनरावांनी तांब्या खाली ठेवला. उभ्यानेच म्हणाले, "नत्थूजी, काल चौदाच होते. अन् बुटीबोरीले बावीसच होत्या. मले तेव्हाच माहीत होतं."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा नावापुढे जी लावला होता. नत्थूजी खाटेची दोरी ओढत राहिले.

"मले बी माहीत होतं, साहेब," ते म्हणाले. "तुमाले माहीत हाये हे मले माहीत होतं. बाईंचं कार्ड आलं तवा वाटलं, साहेब आता बोलतीन. दोन आठवडे वाट पायली. तुमी भुयाराचंच बोलून राहिले."

"चुकलं माझं."

"तोंडानं नका सांगू," रंभाबाई मध्येच म्हणाल्या. "शेरा तोंडानं मारला होता का?"

वामनरावांनी पिशवीतून मला काढलं. चौथ्या मजल्याचं पान उलटवलं, मागची कोरी बाजू गुडघ्यावर धरली. पेन्सिल नाही, शाईचं पेन घेतलं. त्यांचं अक्षर सुरेख आहे, पण त्या दिवशी ते इतकं दाबून लिहीत होते की निब मला टोचत होती. मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी लिहिलं:

"बुटीबोरीच्या मोजणीत चेनमन नत्थूजी यांची साखळी बरोबर होती. बावीस. मी नोंद एकवीस केली आणि माझी चूक त्यांच्यावर ढकलली. शेरा खोटा आहे." खाली सही, हुद्दा, तारीख.

नत्थूजी चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी अक्षरांखाली बोट फिरवत सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, मग रंभाबाईंना वाचून दाखवलं. "शेरा खोटा आहे" हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"ठेवा वही," ते शेवटी म्हणाले. "आधी बाईले काढू."

ही तिसरी टीप नीट लक्षात ठेवा. भुयारात मेलेले गडी जिथे पडले तिथेच पडून राहतात, पण प्रेत वर आणलं तर किल्ल्याच्या देवळातला पुजारी त्याला उठवू शकतो. दुसरी टोळी करा, तिला वरच्या मजल्यांवर चांगलं तयार करा आणि मग प्रेतं आणायला पाठवा. घाई केलीत तर तिचीही प्रेतं आणायला तिसरी लागेल. कुसुमताईंची अट होती की आता माणसांची नावं नकोत. म्हणून पुढच्या रांगेत भोपळा, ढेमसं आणि वांगं, मागे दोडका, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि जादूगार म्हणून कारलं. पंधरा दिवस भाज्या तयार होत होत्या. या वेळी पेन्सिल नत्थूजींकडे होती आणि चिंचोके वामनरावांकडे. नत्थूजींनी ते चुकलेलं घर खोडलं नाही. बाजूला चौदावं काढलं आणि सही केली. त्यांची रेघ जाड उठते, खालच्या दोन पानांवर वळ येतात, पण एक घर इकडचं तिकडे होत नाही.

ज्या दिवशी भाज्यांनी कुसुमला वर आणलं आणि देवळातल्या पुजाऱ्याने तिला उठवलं, त्या दिवशी कुसुमताईंनी क्लासभर चिवडा वाटला. तेव्हा नत्थूजींनी मला जवळ ओढून चौथ्या मजल्याचं पान उघडलं.

"साहेब, तुमचं काम झालं. हे पान माझं."

मी हादरले. वामनराव असे की कुणी माझा कोपरा दुमडला तरी दिवसभर बोलायचे. पण त्यांनी खिशातून पट्टी काढली, माझ्या शिवणीलगत ती दाबून धरली आणि म्हणाले, "आता ओढा. सरळ निघंल."

सरळ निघालं. दुखलं थोडं, पण मी तक्रार करत नाही.

त्याला दोन वर्षं झाली. दोघं म्हातारे अजून येतात, सातव्या मजल्यावर अडकले आहेत आणि रोज दुपारी भांडतात. ते आपल्याजवळ दुसरी नवी वही बाळगतात. मला शामलाने तुमच्यासारख्या नवख्यांसाठी इथे ठेवलंय. माझे कोपरे मळलेत, कुणी माझ्यावर गरम कप ठेवतं, कुणी फोन नंबर लिहितं. नका हो लिहू, एवढी एक विनंती.

आणि चौथ्या मजल्यासाठी माझी पानं उलटसुलट करू नका, तो माझ्यात नाही. तो हुडकेश्वरला नत्थूजींच्या नोकरीच्या कागदांच्या फाइलीत आहे. क्लासमधली बरीच पोरं सायकलवर जाऊन तो उतरवून आणतात. नत्थूजी कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त नकाशा दाखवायच्या आधी ते पान उलटं करतात आणि आलेल्या माणसाला मागची बाजू मोठ्याने वाचायला लावतात.